चालू टेस्ट बेंचची लॉक झालेली फाइल वाचायची कशी: भोसरीतलं एक प्रकरण

भोसरी एमआयडीसीत ॲल्युमिनियम कास्टिंगचं मशीनिंग करणारा एक मध्यम कारखाना आहे, नाव नको, तिथं दोन लीक टेस्ट बेंच आहेत. पार्ट फिक्स्चरला लावायचा, क्लॅम्प करायचा, हवा भरायची, जरा थांबायचं आणि प्रेशर किती पडलं ते बघायचं, ठरलेल्यापेक्षा जास्त पडलं की पार्ट लाल बिनमध्ये. एका पार्टला साधारण पाऊण मिनिट. बेंचला चिकटून एक पीसी, विंडोज १० वाला, त्यावर बेंच बनवणाऱ्यांचंच सॉफ्टवेअर, आणि ते प्रत्येक पार्टमागे सीएसव्ही फाइलमध्ये (रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेली साधी टेक्स्ट फाइल) एक ओळ टाकतं: तारीख, वेळ, पार्टचा क्यूआर नंबर, प्रेशर, लीक, ओके का रिजेक्ट. शिफ्ट चालू झाली की फाइल उघडते, शिफ्ट संपली की बंद होते, आणि मधल्या आठ तासांत त्या फाइलला हात लावायला गेलं की विंडोज सांगतं, फाइल दुसरा प्रोग्रॅम वापरतोय, मिळणार नाही.

इतकी वर्षं याचं कुणाला काही पडलेलं नव्हतं. शिफ्ट संपली की फाइल पेनड्राइव्हवर घ्यायची आणि क्वालिटीच्या पीसीवर टाकायची, झालं काम. मग चाकणच्या कस्टमरचं ऑडिट झालं आणि त्यांनी पॉइंट काढला की डिस्पॅचला प्रत्येक पार्टचा क्यूआर स्कॅन व्हायला पाहिजे आणि लीक टेस्ट ओके असेल तरच पार्ट गाडीत चढला पाहिजे. आता सकाळच्या शिफ्टला टेस्ट झालेले पार्ट सकाळच्याच शिफ्टला गाडीत जातात, म्हणजे डेटा शिफ्ट चालू असतानाच हवा. तात्पुरतं म्हणून त्यांनी एक हेल्पर बसवला, तो स्क्रीनवर बघून रजिस्टरमध्ये लिहायचा आणि दुसरा कुणीतरी ते एक्सेलमध्ये चढवायचा, त्यात आकडे चुकायला लागले आणि मग मला बोलावणं आलं.

मी पोचलो तोपर्यंत त्यांच्याकडच्या एका ट्रेनी इंजिनिअरने बरंच काही करून बघितलं होतं. हुशार पोरगा, सी शार्पमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहिला होता जो दर मिनिटाला फाइल वाचून डिस्पॅचच्या डेटाबेसमध्ये ओळी टाकेल. दोन्ही बेंचवर तीच एरर, नंबर ३२, शेअरिंग व्हायोलेशन. त्याचं म्हणणं, "सर, फाइल लॉक आहे, विषय संपला, बेंचवाल्यांनाच सांगावं लागेल." बेंचवाल्यांना फोन झाला होता आणि त्यांनी उत्तर दिलं होतं की लॉक मुद्दाम ठेवलाय, काढणार नाही. क्वालिटीचे साहेब एकीकडे, बेंचवाले दुसरीकडे आणि मध्ये हे पोरगं.

मी त्याला पहिलं एवढंच करायला सांगितलं की चालू शिफ्टची फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघ. एक नंबर बेंचची फाइल नोटपॅडमध्ये आरामात उघडली, ताज्या ओळींसकट. दोन नंबरची नाही उघडली. म्हणजे एरर एकच, पण भानगडी दोन वेगळ्या, आणि जो कुणी नुसतं "फाइल लॉक आहे" म्हणतो त्याला अजून काहीच कळलेलं नसतं.

जरा सविस्तर सांगतो, कारण नेटवर याच्याबद्दल जाम गोंधळ आहे. विंडोजमध्ये प्रोग्रॅम फाइल उघडतो तेव्हा दोन गोष्टी सांगतो. एक, मला काय करायचंय, वाचायचंय का लिहायचंय. दोन, मी फाइल धरून बसलोय तोपर्यंत बाकीच्यांना काय करू द्यायचं: वाचू द्यायचं, लिहू द्यायचं, डिलीट किंवा रिनेम करू द्यायचं. याला शेअर मोड म्हणतात. आणि हे तपासलं जातं दोन्ही बाजूंनी, मेख आहे ती इथं. कोथरूडमध्ये दोन पोरं फ्लॅट शेअर करतात तसं आहे, आधीपासून राहणाऱ्याच्या अटी नव्याला चालल्या पाहिजेत आणि नव्याच्या अटीसुद्धा जुना आत्ता जे करतोय त्यात बसल्या पाहिजेत. बेंचचं सॉफ्टवेअर फाइल लिहायला उघडून बसलंय आणि त्याने बाकीच्यांना वाचायची परवानगी दिलीय. आता आपला प्रोग्रॅम येतो आणि म्हणतो मला वाचायचंय, पण मी वाचत असताना कुणी लिहायचं नाही. अरे पण लिहिणारा तर आधीच बसलाय! म्हणून विंडोज आपल्यालाच हाकलतं. बेंचवाल्यांनी दार उघडं ठेवलं होतं, अट आपल्या प्रोग्रॅमची आडवी येत होती.

आणि ही अट त्या पोराने मुद्दाम घातलेलीच नव्हती. डॉटनेटमध्ये, म्हणजे सी शार्प ज्यावर चालतं त्यात, फाइल डॉट रीडऑललाइन्स, ओपनरीड असल्या सोप्या फंक्शन्सनी फाइल उघडली की शेअर मोड आपोआप फाइलशेअर डॉट रीड होतो, म्हणजे बाकीच्यांनी फक्त वाचा, लिहू नका. चालू लॉग फाइल वाचताना हे हमखास आपटतं. नोटपॅड उघडताना रीड आणि राइट दोन्ही शेअर करतं, म्हणून त्याला जमतं. पायथनवाल्यांना हा त्रास सहसा होत नाही कारण त्याचं साधं ओपन विंडोजवर रीड-राइट दोन्ही शेअर करतं, म्हणून मग "पायथनमध्ये चालतं, सी शार्पमध्ये नाही" अशा चर्चा रंगतात, भाषेचा काही संबंध नसतो. एक नंबर बेंचचा इलाज एका ओळीचा: फाइलस्ट्रीम स्वतः उघडायचा आणि शेवटच्या पॅरामीटरमध्ये फाइलशेअर डॉट रीडराइट द्यायचं. पोराने बदल केला, रन केलं, ओळी धडाधड डेटाबेसमध्ये. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

पण लगेच दुसरा प्रकार पुढे आला. त्याने प्रोग्रॅममध्ये काटकसर म्हणून असं ठेवलं होतं की फोल्डरमधला फाइलचा साइज बदलला तरच फाइल उघडायची, आणि फोल्डरमध्ये साइज हलतच नव्हता. एक्सप्लोररमध्ये बघितलं तर शून्य केबी, नोटपॅडने उघडलं तर आत शंभरच्या वर ओळी. एनटीएफएसमध्ये, म्हणजे विंडोज डिस्कवर फाइल्स ज्या पद्धतीने ठेवतं त्यात, फोल्डरच्या यादीत जो साइज दिसतो तो लिहिणारा फाइल बंद करेपर्यंत अपडेट होईलच असं नाही, खरा साइज बघायचा तर फाइल उघडून तिच्या हँडलला, म्हणजे फाइल उघडल्यावर विंडोज प्रोग्रॅमला जो नंबर देतं त्याला, विचारावा लागतो. फोल्डरवर नजर ठेवणारे वॉचर पण याच कारणाने गप्प बसतात. म्हणून ती काटकसर काढली: दर मिनिटाला फाइल उघड, मागच्या वेळी जिथंपर्यंत वाचलं होतं त्या जागेपासून पुढे वाच, शेवटची ओळ एंटरने संपली नसेल तर ती सोडून दे, पुढच्या फेरीला येईल, आणि लगेच फाइल बंद कर.

दोन नंबर बेंच मात्र वेगळं प्रकरण होतं. सॉफ्टवेअरचं जुनं व्हर्जन. इथं अंदाज लावत बसण्यापेक्षा मी प्रोसेस मॉनिटर लावला. सिसइंटर्नल्सचं टूल आहे, २००६ पासून मायक्रोसॉफ्टकडेच आहे, फुकट आहे, इन्स्टॉल करावं लागत नाही, आणि तरी लोक फाइल लॉक म्हणलं की कुठलं तरी अनलॉकर उतरवून घेतात ज्याच्यासोबत दोन टूलबार फुकट येतात. प्रोसेस मॉनिटरला फिल्टर लावायचा, पाथमध्ये त्या फाइलचं नाव, आणि शिफ्ट चालू व्हायच्या आधी चालू करून ठेवायचं. सातला शिफ्ट चालू झाली आणि क्रिएटफाइलची, म्हणजे फाइल उघडल्याची, ओळ आली, डिटेलमध्ये स्वच्छ लिहिलेलं: शेअरमोड, नन. म्हणजे कुणालाच काही नाही, वाचायलाही नाही. इथं आपण कितीही समजूतदार शेअर मोड दिला तरी उपयोग शून्य.

(कुणी फाइल धरलीय एवढंच बघायचं असेल तर टूलचीही गरज नाही, विंडोजचा रिसोर्स मॉनिटर उघडा, सीपीयू टॅबमध्ये असोसिएटेड हँडल्स आहे, तिथं फाइलचं नाव टाका, प्रोसेस समोर येते. पण फाइल नेटवर्क शेअरवर असेल आणि दुसऱ्या पीसीवरून कुणी उघडली असेल तर ज्या पीसीवर फाइल ठेवलीय तिथं कॉम्प्युटर मॅनेजमेंटमधल्या शेअर्ड फोल्डर्स, ओपन फाइल्समध्ये बघावं लागतं.)

मग सल्ल्यांचा पाऊस पडला, जो अशा वेळी पडतोच. त्यांचे आयटीवाले म्हणाले प्रोग्रॅम ॲडमिन म्हणून चालवा. ॲडमिन असणं परवानगीच्या कामाचं, शेअरिंगच्या नाही. रोबोकॉपी या विंडोजच्या कॉपी कमांडचा बॅकअप मोड असतो ना, स्लॅश बी, तोसुद्धा लॉक फोडतो असा समज आहे, तो फक्त फाइलच्या परमिशन ओलांडतो, दुसऱ्याने शेअर मोड नन ठेवला असेल तर तोही ३२ नंबरवर आपटतो. दुसरा सल्ला, प्रोसेस एक्सप्लोरर या सिसइंटर्नल्सच्याच दुसऱ्या टूलमधून त्या सॉफ्टवेअरचं हँडलच बंद करा. हे टेक्निकली होतं, आणि अजिबात करू नये. सॉफ्टवेअरला कळतच नाही की आपलं हँडल गेलंय, ते त्याच नंबरवर लिहीत राहतं, आणि मधल्या काळात तोच नंबर दुसऱ्या कुठल्या फाइलला मिळाला असेल तर लीक टेस्टच्या ओळी भलत्याच फाइलमध्ये जाऊन बसतील. ऑडिटसाठी डेटा हवाय म्हणून डेटाच नासवायचा, हे कुठलं शहाणपण.

तिसरा सल्ला जरा वरच्या दर्जाचा होता, मालकांच्या पुतण्याचा, तो हिंजवडीला असतो. म्हणाला, "दादा, डुप्लिकेटहँडल करा ना, त्या प्रोसेसचं हँडल आपल्या प्रोसेसमध्ये कॉपी करून घ्यायचं, मग शेअर मोडचा प्रश्नच येत नाही." बरोबर आहे त्याचं, नवीन उघडणं होत नाही म्हणून तपासणीही होत नाही. पण कॉपी केलेलं हँडल त्याच फाइल ऑब्जेक्टकडे बोट दाखवतं, आणि फाइलमधली आत्ताची जागा, म्हणजे पुढचं लिहिणं कुठं होणार ती, दोघांची एकच असते. आपण सुरुवातीपासून वाचायला गेलो की लिहिणाऱ्याचीही जागा हलली, आणि पुढचा पार्ट कदाचित सकाळच्या पहिल्या पार्टच्या ओळीवर लिहिला जाईल. शिवाय त्यांनी फाइल फक्त लिहायला उघडली असेल तर त्या हँडलने वाचताच येत नाही. त्याचा पुढचा मुद्दा असा की लिनक्सवर ही कटकटच नाही. तिथं फ्लॉकसारखे लॉक ॲडव्हायझरी असतात, म्हणजे ज्याला पाळायचेत तो पाळतो, साधं कॅट करून फाइल वाचणाऱ्याला कुणी अडवत नाही, आणि जो सक्तीचा लॉक होता तो कर्नल ५.१५ मध्ये, २०२१ ला, काढूनच टाकला. सगळं खरं. पण बेंचचं सॉफ्टवेअर विंडोजचं आहे आणि दुसरी एक गोष्ट जी आम्हाला नंतर सापडली ती लिनक्सवरही तशीच छळली असती.

डिस्क थेट वाचायचाही मार्ग असतो, फाइल सिस्टिमला बाजूला ठेवून व्हॉल्यूम उघडायचा, एमएफटी, म्हणजे ड्राइव्हवरच्या फाइल्सची यादी, वाचायची, फाइलचे क्लस्टर, म्हणजे डिस्कवरचे तुकडे, शोधायचे. फॉरेन्सिकवाले करतात. इथं तो मार्ग नको म्हणलं, कारण जे अजून कॅशमध्ये आहे आणि डिस्कवर उतरलेलं नाही ते दिसत नाही, आणि रोज तीन शिफ्ट चालणाऱ्या गोष्टीला असलं काही लावायचं म्हणजे रात्रीची झोप गेली.

राहिला तो सरळ मार्ग, शॅडो कॉपी, म्हणजेच व्हीएसएस. विंडोज एक्सपी आणि सर्व्हर २००३ पासून आहे, बॅकअपची सॉफ्टवेअर्स चालू फाइल्सचा बॅकअप घेतात तो याच्याच जिवावर. संपूर्ण ड्राइव्हचा त्या क्षणाचा फोटो घेतला जातो, आणि त्या फोटोतली फाइल कुणीच उघडलेली नसते म्हणून ती निवांत वाचता येते. मूळ फाइलचा लॉक तसाच राहतो, त्याला कुणी धक्का लावत नाही, ही याची खरी मजा. ॲडमिन अधिकार लागतात. सर्व्हरवर व्हीएसएसॲडमिनला शॅडो तयार करायची कमांड आहे, साध्या विंडोज १० वर ती नाही, तिथं यादी बघणं, डिलीट करणं असलीच कामं होतात, म्हणून पॉवरशेलमधून डब्ल्यूएमआयचा (विंडोजची सिस्टिम हाताळायची सोय) विन३२ शॅडोकॉपी क्लास वापरून बनवायची. मग जे लांबलचक डिव्हाइस नाव मिळतं त्याला एमकेलिंकने एक फोल्डर लिंक करायची, नावाच्या शेवटी बॅकस्लॅश विसरायचा नाही, विसरलात तर लिंक बनते पण उघडत नाही आणि माणूस तासभर दुसरीकडेच शोधत बसतो. काम झालं की शॅडो डिलीट करायची, नाहीतर त्या साठत जातात.

हे सगळं गुरुवारी करून बघितलं. भोसरीत एमआयडीसीची सुट्टी गुरुवारी, लाइन बंद, बेंच मोकळा, एक ऑपरेटर दादा तेवढे आले होते पार्ट लावायला. आम्ही पार्ट टेस्ट करत गेलो, मधे शॅडो घेतली, फाइल कॉपी झाली, एरर नाही काही नाही. पोरगं खूश. मी फाइल उघडून शेवटची ओळ बघितली तर ती अर्धवट, वेळ आहे, क्यूआर नंबरचे पहिले पाच अक्षरं आहेत आणि पुढे काहीच नाही. आणि वेळ बघितली तर अर्ध्या तासापूर्वीची. ऑपरेटर दादा म्हणाले, "अहो, त्यानंतर मी कितीतरी पार्ट लावलेत की." स्क्रीनवर ते सगळे दिसतही होते.

फाइलचा साइज बघितला: ८१९२ बाइट. बरोबर ४०९६ च्या दुप्पट. हा आकडा दिसला की समजून जायचं. प्रोसेस मॉनिटरमध्ये राइटफाइलच्या ओळी बघितल्या तर प्रत्येकीची लेंग्थ ४०९६, आणि दोन ओळींमध्ये अर्ध्या तासाच्या वर अंतर. सॉफ्टवेअर प्रत्येक पार्टची ओळ फाइलमध्ये लिहीतच नव्हतं, स्वतःच्या मेमरीतल्या बफरमध्ये ठेवत होतं आणि ४०९६ बाइट भरले की एकदम खाली ढकलत होतं. डॉटनेटच्या फाइलस्ट्रीमचा बफर मुळात एवढाच असतो आणि कुणी मुद्दाम फ्लश (बफर रिकामा) केलं नाही तर असंच होतं. आता हिशोब करा: एक ओळ साधारण ८० अक्षरांची, म्हणजे बफरमध्ये ५१ ओळी, पार्टला ४५ सेकंद, म्हणजे सुमारे ३८ मिनिटांचा डेटा कुठल्याही क्षणी डिस्कवर नसू शकतो. लॉक असो नसो. आणि शॅडो कॉपीला याची खबर नसते. डेटाबेस सर्व्हरसारख्या ज्या प्रोग्रॅमनी व्हीएसएसचा रायटर बसवलेला असतो त्यांना विंडोज आधी सांगतं की बाबांनो आवरून घ्या, फोटो काढतोय. बेंचच्या सॉफ्टवेअरला कोण सांगणार, ते त्या यादीतच नाही.

म्हणजे लॉक तोडून जे वाचलं असतं ते निम्मं खोटं निघालं असतं. गेटवरच्या माणसाने पार्ट स्कॅन केला असता, सिस्टिम म्हणाली असती टेस्ट नाही, आणि पार्ट तर ओके होता. असं चार वेळा झालं की माणूस सिस्टिमकडे बघायचं सोडतो आणि तसेच पार्ट चढवतो, आणि मग ऑडिटचा पॉइंट बंद झाला काय नि न झाला काय.

शॅडोबद्दल क्वालिटीच्या साहेबांची आणखी एक शंका होती आणि ती रास्त होती. फोटो काढताना ड्राइव्हवरचं लिहिणं क्षणभर थांबवलं जातं, मायक्रोसॉफ्टने त्याची मर्यादा १० सेकंदांची ठेवलीय, प्रत्यक्षात बहुतेक वेळा पटकन होतं. पण बेंचच्या पीसीवर जुनी फिरती हार्ड डिस्क, आणि दर पंधरा मिनिटांनी हे करायचं, तेवढ्यात सॉफ्टवेअर अडकलं आणि टेस्टरशी बोलणं टाइमआउट झालं तर लाइन थांबली म्हणून शिव्या कुणाला पडणार. रात्री एकदा बॅकअप घ्यायला शॅडो उत्तम, आउटलुकची पीएसटी (मेलची फाइल) किंवा असलीच दिवसभर अडकलेली फाइल उचलायला उत्तम. दर पंधरा मिनिटांच्या डेटासाठी ती इथं बसत नव्हती.

तेव्हा मी बेंचवाल्यांशी पुन्हा बोलायचं ठरवलं, पण यावेळी लॉकबद्दल नाही. फोनवर त्यांच्या इंजिनिअर साहेबांना विचारलं, "साहेब, यूपीएस गेला आणि पीसी बंद पडला तर मागचे पन्नास पार्ट कुठं सापडतील?" ते म्हणाले फाइलमध्ये. मी म्हणलं फाइलमध्ये नाहीत, आणि प्रोसेस मॉनिटरचा स्क्रीनशॉट पाठवला. पलीकडे जरा वेळ शांतता. लॉक काढा म्हणणं म्हणजे त्यांच्या दृष्टीने आमची मागणी होती, डेटा जातोय म्हणणं म्हणजे त्यांच्या घरातली आग. मग ते मोकळे बोलले. लॉकमागे कारण होतं, पूर्वी कुठल्यातरी गिऱ्हाइकाकडे ऑपरेटरने चालू फाइल एक्सेलमध्ये उघडून रिजेक्टचं ओके करून सेव्ह केलं होतं, तेव्हापासून त्यांनी फाइलशेअर डॉट नन करून टाकलं. कारण पटण्यासारखं आहे. पण त्यासाठी नन लागत नाही, फाइलशेअर डॉट रीड पुरतं, बाकीच्यांना वाचता येतं आणि लिहायला गेलं की दार बंद. आणि खरं तर त्यांच्याच नव्या व्हर्जनमध्ये, एक नंबर बेंचवर, हेच होतं आणि तिथं ओळ लगेच फ्लशही होत होती, कुणीतरी आधीच सुधारून ठेवलं होतं, फक्त जुन्या बेंचला ते आलं नव्हतं. त्यांनी अपडेट देतो म्हणून सांगितलं, जुन्या बेंचच्या टेस्टरचा ड्रायव्हर वेगळा आहे म्हणून वेळ लागेल म्हणाले.

तोपर्यंत काय? इथं खरं उत्तर शिफ्ट इंचार्जकडून आलं, ज्यांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही असं ते स्वतःच चार वेळा म्हणाले. त्यांनी विचारलं, "पण तुम्हाला फाइल चालू असतानाच कशाला वाचायचीय? पार्ट सुटे थोडेच जातात, बिन भरली की जाते." बिनमध्ये २४ पार्ट. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये फाइल शिफ्टप्रमाणे का बॅचप्रमाणे असा पर्याय होता, कधीच कुणी वापरला नव्हता. बॅच २४ ची केली. आता बिन भरली की सॉफ्टवेअर स्वतःच फाइल बंद करतं, बंद करताना बफर आपोआप रिकामा होतो, आणि लॉकही सुटतो. साधारण १८ मिनिटांत एक फाइल, पूर्ण, एकही ओळ अर्धवट नाही. बिन डिस्पॅचला पोचेपर्यंत तिचा डेटा तिच्याआधी पोचलेला असतो.

फाइल बंद झाली हे ओळखायचं कसं, यावर पोराने आधी असं लिहिलं होतं की स्वतः शेअर मोड नन देऊन उघडून बघायचं, उघडली म्हणजे दुसरं कुणी नाही. चालतं हे, पण त्या क्षणापुरता लॉक आपणच लावतो, आणि नेमकं तेव्हाच दुसऱ्या कुणाला फाइल हवी असेल तर त्याला ३२ नंबर मिळतो. त्यापेक्षा पुढच्या बॅचची फाइल फोल्डरमध्ये दिसली की मागची बंद झाली असं धरलं, साधं आणि निरुपद्रवी. शिफ्टच्या शेवटची बॅच अर्धी राहिली तर ऑपरेटर बॅच एंडचं बटण दाबतो, ते बटण आधीपासून होतंच.

एवढं सगळं झाल्यावर एक नंबर बेंचने, जो सरळ चालू होता, शिफ्ट बदलताना एरर द्यायला सुरुवात केली. रोज नाही, अधूनमधून. तिथलं सॉफ्टवेअर शिफ्ट संपली की फाइल बंद करून तिचं नाव बदलतं, मागे शिफ्टचं अक्षर लावतं, आणि नेमक्या त्याच वेळी आपला वाचणारा प्रोग्रॅम फाइल उघडून बसला असेल तर रिनेम फसतं. कारण आपण रीड आणि राइट शेअर केलं होतं, डिलीट नाही, आणि विंडोजच्या लेखी रिनेमलाही डिलीटचाच अधिकार लागतो. फाइलशेअर डॉट रीडराइटच्या जोडीला फाइलशेअर डॉट डिलीट टाकलं आणि तो त्रास थांबला. जो चालू फाइल वाचतो त्याने तिन्ही शेअर करावेत, वाचणाऱ्याचा लिहिणाऱ्याला अडथळा व्हायचं काही कारण नाही. अँटीव्हायरस आणि सर्चचे इंडेक्सर हाच त्रास देतात, तो शोधायलाही तोच प्रोसेस मॉनिटर.

याच कारखान्यात वजनकाट्याचा पीसी आहे, त्याचा डेटा ॲक्सेसच्या एमडीबी फाइलमध्ये, आणि हे सगळं चाललेलं बघून अकाउंटवाल्या काकांनी विचारलं की तीही फाइल अशीच दर मिनिटाला कॉपी करून द्या. तिथं नाही म्हणलं. डेटाबेसची चालू फाइल नुसती कॉपी करणं वेगळं, लिहिणं अर्ध्यावर असताना कॉपी झाली तर ती कॉपी उघडणारही नाही कदाचित. तिथं फाइलला हातच लावायचा नाही, ओडीबीसीमधून, म्हणजे डेटाबेसशी जोडायच्या ठरलेल्या सोयीतून, रीड-ओन्ली जोडायचं आणि क्वेरी मारायची, शेजारची एलडीबी फाइल दिसते ना, कोण कोण आत आहे याची नोंद ठेवायलाच ती असते. एसक्यूलाइट या डेटाबेसचंही तसंच, वॉल मोडमध्ये (बदल आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहायची पद्धत) असेल तर ताजा डेटा शेजारच्या वॉल फाइलमध्ये पडलेला असतो, एकटी मुख्य फाइल उचलली की तो मागे राहतो, म्हणून त्याची स्वतःची बॅकअप कमांड वापरायची. काकांना एक्सेलमध्येच ओडीबीसीची जोडणी करून दिली, रिफ्रेश दाबलं की आकडे येतात.

दोन नंबर बेंचचं अपडेट अजून यायचंय. आलं की लॉक रीडवर येईल आणि प्रत्येक ओळ बफरमध्ये न अडकता लगेच फाइलमध्ये जाईल, वीज गेली तरी एकदम पन्नास पार्टांचा डेटा जाणार नाही, त्यासाठी ते हवंच आहे. पण बॅचची फाइल त्यानंतरही तशीच चालू ठेवायची आणि एक नंबरलाही तीच लावायची असं क्वालिटीच्या साहेबांनी ठरवलंय, एका बिनची एक फाइल असली की ऑडिटला दाखवायला सोपी जाते, आणि डिस्पॅचच्या चलनावर आता बिन नंबरच्या शेजारी फाइलचं नाव छापून येतं.